डब्लिन विद्यापीठाच्या दोन जागा: जुन्या आयरिश पार्लमेंटबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठाला पार्लमेंटमध्ये जागा म्हणजे नेमकं काय?

डब्लिन विद्यापीठ हा एक मतदारसंघ होता, आणि मतदारसंघ म्हणजे जमिनीचा तुकडा असतो ही आपली सवयीची कल्पना इथे बाजूला ठेवावी लागते. १६१३ पासून १८०० च्या अखेरपर्यंत आयर्लंडच्या पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात या विद्यापीठाचे दोन सदस्य बसत. ते विद्यापीठाच्या आसपास राहणाऱ्या लोकांचे प्रतिनिधी नव्हते. विद्यापीठ नावाच्या संस्थेचे, त्यातही संस्थेतल्या मोजक्या मंडळींचे ते प्रतिनिधी होते.

अठराव्या शतकात या सभागृहात ३०० सदस्य होते. ३२ काउंट्यांचे (काउंटी म्हणजे जिल्हा) प्रत्येकी दोन म्हणजे ६४, मतदानाचा हक्क असलेल्या ११७ शहरा-गावांचे प्रत्येकी दोन म्हणजे २३४, आणि विद्यापीठाचे दोन. अशा गावाला तिकडे बरो म्हणत. खाली हा शब्द पुन्हा पुन्हा येईल.

डब्लिन विद्यापीठ आणि ट्रिनिटी कॉलेज हे एकच की वेगवेगळे?

कागदावर वेगळे, व्यवहारात एकच. राणी एलिझाबेथने १५९२ मध्ये सनद देऊन ट्रिनिटी कॉलेज स्थापन केलं, डब्लिनच्या तटाबाहेर, एका बंद पडलेल्या मठाच्या जागेवर. ऑक्सफर्ड-केंब्रिजसारखं इथेही पुढे कॉलेजांचं मोहोळ होईल, अशी कल्पना होती. ते काही झालं नाही. एका विद्यापीठाचं एकच कॉलेज राहिलं. त्यामुळे "विद्यापीठाचा खासदार" म्हटलं काय आणि "ट्रिनिटीचा खासदार" म्हटलं काय, माणूस तोच.

या जागा दिल्या कोणी, आणि का?

राजा पहिल्या जेम्सने. इंग्लंडच्या गादीवर आल्यावर लवकरच त्याने ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला प्रत्येकी दोन जागा दिल्या. १६१३ मध्ये डब्लिनमध्ये पार्लमेंट भरवताना तोच मान ट्रिनिटीला दिला. वरवरचं कारण सरळ होतं: कॉलेजांचे नियम, जमिनी आणि उत्पन्न यांवर कायद्यांचा परिणाम होतो, तर त्यांची बाजू मांडणारं कोणी सभागृहात असावं. ट्रिनिटीला राजाने उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात भरपूर जमिनी दिल्या होत्या, म्हणजे जपायलाही बरंच काही होतं.

पण १६१३ चं सगळं चित्र पाहिलं की दुसरं कारण दिसतं. आयर्लंडमध्ये कॅथलिक बहुसंख्य, सरकार प्रॉटेस्टंट. सभागृहात प्रॉटेस्टंट बहुमत हवं, म्हणून राजाने धडाधड नवे बरो निर्माण केले. त्यांतले कित्येक म्हणजे चार झोपड्यांची गावं. हे सगळं चालू असताना प्रॉटेस्टंटांच्या कॉलेजला दोन जागा मिळाल्या. राजाला विद्येची कदर होती हे मान्य, पण या दोन जागा हिशेबात कुठे पडणार हेही त्याला ठाऊक होतं.

त्या पार्लमेंटचा पहिला दिवस कसा गेला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्थळ डब्लिन कॅसल, काम सभापती निवडण्याचं. सरकारचा उमेदवार सर जॉन डेव्हिस, कॅथलिकांचा सर जॉन एव्हरार्ड. मोजणीसाठी सरकारपक्षाची मंडळी सभागृहाबाहेर गेली. तेवढ्यात आत राहिलेल्यांनी एव्हरार्डना उचलून सभापतीच्या खुर्चीत बसवलं. बाहेरचे परत आले, त्यांनी डेव्हिसना उचललं आणि थेट एव्हरार्डांच्या मांडीवर बसवलं. डेव्हिस अंगाने चांगलेच भारदस्त होते. मग एव्हरार्डना खालून ओढून काढण्यात आलं आणि कॅथलिक सदस्य उठून निघून गेले. विद्यापीठाच्या खासदारांची कारकीर्द सुरू झाली ती ही अशी.

पहिले खासदार कोण होते?

विल्यम टेम्पल आणि चार्ल्स डॉइन. टेम्पल तेव्हा ट्रिनिटीचे प्रोव्होस्ट होते. प्रोव्होस्ट म्हणजे कॉलेजचा प्रमुख, आपल्याकडच्या कुलगुरूसारखा. तर्कशास्त्राचा हा माणूस तरुणपणी कवी आणि सरदार सर फिलिप सिडनीचा चिटणीस होता. १५८६ मध्ये लढाईतल्या जखमेने सिडनीने प्राण सोडला तो टेम्पलच्याच कुशीत, असं सांगतात.

मतदान कोण करत असे?

प्रोव्होस्ट, फेलो आणि स्कॉलर. बस्स. फेलो म्हणजे कॉलेजचे कायम अध्यापक-सदस्य. स्कॉलर म्हणजे अवघड परीक्षा देऊन शिष्यवृत्ती मिळवलेले विद्यार्थी. त्यांची संख्या ७० ठरलेली. फेलो अठराव्या शतकाच्या अखेरीस वीस-बावीस. म्हणजे सगळा मतदारसंघ नव्वदीच्या आसपास, एका मोठ्या जेवणघरात मावेल एवढा. बाकीचे शेकडो विद्यार्थी, आणि पदवी घेऊन बाहेर पडलेले वकील-पाद्री, यांना मत नव्हतं.

ही गोष्ट मला सगळ्यात मजेची वाटते. त्या काळात मत मिळे ते जमिनीवर, वारशावर किंवा गावच्या मालकाच्या मेहेरबानीवर. इथे तीन-चतुर्थांश मतदार असे, की ज्यांनी मत परीक्षा देऊन कमावलं होतं, आणि तेही मिसरूड फुटण्याच्या वयात. स्कॉलरला फुकट जेवण, राहण्याची सोय आणि मान मिळे. नवे स्कॉलर दरवर्षी ट्रिनिटी सोमवारी जाहीर होत, आणि ती प्रथा आजही आहे. ग्रीक-लॅटिनवर रात्री जागवलेल्या एखाद्या गरीब पाद्र्याच्या पोराच्या हातात त्या दिवशी असं काही पडे, जे त्याच्या गावच्या हजारो शेतकऱ्यांकडे नव्हतं.

मग हा मतदारसंघ इतरांपेक्षा स्वच्छ होता का?

बराच. पण तुलना कशाशी करतोय ते आधी बघा. बहुतेक बरो कोणा ना कोणा जमीनदाराच्या खिशात होते. वेक्सफर्ड काउंटीतला बॅनो हा बरो वाळूखाली गेलेला होता. तिथे गावच उरलं नव्हतं, तरी त्याचे दोन खासदार डब्लिनला जात. अशा जागा विकल्या जात, भाड्याने दिल्या जात, मुलीच्या लग्नाच्या बोलणीत धरल्या जात. वतनासारखाच प्रकार: पाटीलकी बापाकडून लेकाकडे यावी, तशी खासदारकी यायची.

ट्रिनिटीत असा मालक नव्हता. नव्वद सुशिक्षित, वाद घालण्यात पटाईत आणि निम्म्याहून अधिक विशीच्या आतबाहेरचे मतदार. त्यांना एकगठ्ठा बांधून ठेवणं अवघड. म्हणून इथून निवडून येण्याला प्रतिष्ठा होती, आणि देशातल्या हुशार वकिलांचा डोळा या जागांवर असे. ही जागा कोणी गिळायला निघालाच, तर तो आतलाच माणूस असणार, हेही त्यातूनच येतं. तसा एक निघाला. त्याच्याबद्दल पुढे.

निवडणुका दर किती वर्षांनी होत?

१७६८ पर्यंत नियमच नव्हता. राजा जिवंत असेपर्यंत पार्लमेंट चालू राही. दुसऱ्या जॉर्जच्या काळात १७२७ ला निवडलेलं पार्लमेंट १७६० पर्यंत चाललं. तेहेतीस वर्षं! मध्ये कोणी मेला किंवा वरच्या सभागृहात गेला, तरच पोटनिवडणूक.

याचा एक गमतीदार परिणाम: पुढे ब्रिटिश पार्लमेंट गाजवणारा आणि वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणारा एडमंड बर्क १७४६ मध्ये ट्रिनिटीचा स्कॉलर झाला, म्हणजे मतदार झाला. पण विद्यापीठाच्या दोन्ही जागा १७४१ पासून भरलेल्या होत्या आणि दोन्ही खासदार ठणठणीत होते. आणखी दोन वर्षांनी बर्कने पदवी घेतली आणि लवकरच तो लंडनला गेला. मत हातात होतं, टाकायला निवडणूकच नव्हती.

१७६८ च्या कायद्याने मुदत आठ वर्षांवर आली. त्यानंतर १७६८, १७७६, १७८३, १७९० आणि १७९७ अशा पाच सार्वत्रिक निवडणुका झाल्या. कॉलेजातला खरा राजकीय धुरळा याच तीस वर्षांतला.

सगळ्यात नामवंत खासदार कोण?

माझ्या मते विल्यम मॉलिन्यू. १६९२ पासून १६९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते विद्यापीठाचे खासदार होते. दुर्बिणी, भिंगं, प्रकाश यांत रमलेला हा माणूस. डब्लिनमध्ये १६८३ साली तत्त्वज्ञान मंडळ त्यांनीच उभं केलं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना त्यांचं नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असतं. त्यांनी इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकला पत्रातून एक कोडं घातलं: जन्मांध माणसाने घन आणि गोल हाताने चाचपून ओळखायला शिकलं आणि अचानक त्याला दृष्टी आली, तर हात न लावता, नुसतं बघून त्याला दोन्ही ओळखता येतील का? या कोड्यावर तत्त्वज्ञ आणि डोळ्यांचे अभ्यासक आजतागायत डोकं चालवत आहेत. कोडं घालणाऱ्याची स्वतःची पत्नी अंध होती.

राजकारणात त्यांनी टाकलेला बॉम्ब १६९८ चा. इंग्लंडच्या पार्लमेंटला आयर्लंडसाठी कायदे करण्याचा हक्कच काय, असा प्रश्न विचारणारं पुस्तक त्यांनी छापलं. आयर्लंड ही वसाहत नव्हे, स्वतंत्र राज्य आहे, आणि लोकांच्या संमतीशिवाय कायदा लादता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. इंग्लंडच्या सभागृहाने पुस्तकाचा निषेध केला. फाशी देणाऱ्या मांगाच्या हातून ते जाळलं गेलं असं बरेच जण सांगतात, ती मात्र दंतकथा. मॉलिन्यू त्याच वर्षी गेले. पुढच्या शंभर वर्षांत आयरिश हक्कांची भाषा बोलणारा प्रत्येक जण याच पुस्तकाकडे वळत राहिला.

त्यांचा मुलगा सॅम्युएल हाही १७२७-२८ मध्ये विद्यापीठाचा खासदार होता. तो खगोलशास्त्रज्ञ. जेम्स ब्रॅडलीने ताऱ्यांच्या प्रकाशाचं विपथन (पृथ्वीच्या गतीमुळे तारे किंचित सरकलेले दिसणं) शोधलं, त्याची सुरुवात सॅम्युएलच्या क्यू इथल्या घरी दोघांनी मिळून घेतलेल्या वेधांतून झाली. पुढे १७६८ ला निवडून आलेले सर केपल मॉलिन्यू हे विल्यमचे पुतणे. घराणेशाही म्हणायची तर म्हणा, पण निदान घराणं वाचणारं होतं.

जोनाथन स्विफ्टचाही इथल्या निवडणुकीत हात होता म्हणतात. खरं का?

हो, पण हाती काही लागलं नाही. १७३९ च्या पोटनिवडणुकीत ट्रिनिटीचे जुने विद्यार्थी असलेल्या स्विफ्टनी अलेक्झांडर मकॉले नावाच्या वकिलासाठी आपलं वजन खर्च केलं. मकॉले निवडूनही आले. विरुद्ध बाजूने याचिका केली, सभागृहाने निकाल फिरवला आणि जागा फिलिप टिस्डल यांना मिळाली. टिस्डल मग १७७६ पर्यंत हलले नाहीत. मध्यंतरी देशाचे ॲटर्नी जनरलही झाले.

प्रोव्होस्ट हेली-हचिन्सन यांचं प्रकरण काय होतं?

हाच तो आतला माणूस. जॉन हेली-हचिन्सन वकील, वक्ता, खासदार, आणि पदांचा हावरा म्हणून देशभर ठाऊक असलेला इसम. इंग्लंडचे पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ त्याच्याबद्दल म्हणाले होते म्हणे, की याला सगळं ब्रिटन आणि आयर्लंड आंदण दिलं, तरी बटाट्याच्या वाफ्यासाठी आइल ऑफ मॅन मागेल. १७७४ मध्ये प्रोव्होस्टची जागा रिकामी झाली आणि राजकीय देवाणघेवाणीतून ती त्याला मिळाली. हा गृहस्थ ना पाद्री, ना कॉलेजचा फेलो. फेलोंच्या अंगाचा तिळपापड झाला.

आता इथला पेच बघा. प्रोव्होस्ट स्वतः मतदार. त्यातच तो निवडणूक निर्णय अधिकारी. कोणाचं मत वैध, कोणाचं बाद, हे ठरवणारा तोच. स्कॉलरांच्या खोल्या, सवलती, शिस्तीची कारवाई सगळं त्याच्या मुठीत. शिवाय फेलोंनी लग्न करायचं नाही असा कॉलेजचा नियम, आणि त्यातून सूट हवी तर प्रोव्होस्टची मर्जी सांभाळा. मतदान गुप्त नव्हतं. ज्याच्या हातात तुमची खोली, जेवण आणि बायको, त्याच्यासमोर उभं राहून त्याच्या मुलाविरुद्ध मत द्यायचं.

हो, मुलाविरुद्ध. १७७६ च्या निवडणुकीत प्रोव्होस्टने आपला थोरला मुलगा रिचर्डला उभं केलं आणि तो निवडून आला. टिस्डल पडले. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणत विरोधकांनी याचिका दाखल केली. आमिषं दाखवणं, धमकावणं, अधिकाराचा गैरवापर असे सगळे आरोप झाले. कॉलेजचे कायद्याचे प्राध्यापक पॅट्रिक डुइगेनन यांनी तर १७७७ मध्ये प्रोव्होस्टची लक्तरं काढणारं जाडजूड पुस्तकच छापलं. त्याआधी वर्तमानपत्रांतून चेष्टेचे लेख येत होतेच. हेली-हचिन्सनने कॉलेजात नाच, तलवारबाजी, घोडेस्वारी शिकवायचा घाट घातला होता, म्हणून त्याचं नावच पडलं "प्रान्सर", म्हणजे थुईथुई नाचणारा.

१७७८ मध्ये रिचर्डची निवड रद्द झाली. टिस्डल तोवर वारले होते. रिकाम्या जागेवर आले जॉन फिट्झगिबन, तरुण, तडफदार आणि विलक्षण अहंमन्य वकील. याच याचिकेत ते प्रोव्होस्टविरुद्ध लढले होते. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येतंय.

१७९० ला प्रोव्होस्टने तिसरा मुलगा फ्रान्सिसला आणलं. तोही जिंकला. पुन्हा याचिका, पुन्हा चौकशी समिती. १७९१ च्या त्या समितीत दोन तरुण शेजारी बसले होते. एक लॉर्ड एडवर्ड फिट्झजेराल्ड, जो ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या बंडाचा नेता म्हणून पकडला गेला आणि तुरुंगात जखमांनी मेला. दुसरा ट्रिम गावचा कोवळा खासदार आर्थर वेस्ली. आडनावाचं स्पेलिंग पुढे वेलस्ली झालं. होय, तोच. १८०३ मध्ये ज्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढाई जिंकली. त्याच्या आधी बारा वर्षं हा माणूस कॉलेजच्या निवडणुकीत कोणी कोणाला काय आश्वासन दिलं, याच्या साक्षी ऐकत होता. समितीचा निकाल अगदी थोडक्यात फ्रान्सिसच्या बाजूने लागला.

आता प्रोव्होस्टची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाही तर डुइगेननचं ऐकून निकाल दिल्यासारखं होईल. आधुनिक युरोपीय भाषांची अध्यापकपदं कॉलेजात त्याच्याच काळात आली. इंग्लंडने आयरिश व्यापारावर घातलेल्या बंधनांविरुद्ध त्याने चांगला ग्रंथ लिहिला. कॅथलिकांना हक्क मिळावेत असं तो म्हणे. उलट त्याच्यावर तुटून पडणारा डुइगेनन जन्माने कॅथलिक घरातला असून कॅथलिकांचा कट्टर वैरी. १७९४ मध्ये हेली-हचिन्सन वारल्यावर फेलोंनी एकच धोशा लावला, आता बाहेरचा राजकारणी नको. पुढचा प्रोव्होस्ट त्यांच्यातलाच झाला.

कॅथलिक विद्यार्थ्यांना मत होतं का?

नव्हतं. १७२० च्या दशकाच्या अखेरीस कॅथलिकांचा मताधिकारच काढून घेतला गेला, देशभर. १७९३ च्या कायद्याने तो परत आला आणि ट्रिनिटीत पदवी घेण्याची वाटही मोकळी झाली. पण फेलो आणि स्कॉलर या जागा सरकारमान्य प्रॉटेस्टंट चर्चवाल्यांसाठीच राखीव राहिल्या, आणि विद्यापीठात मत होतं ते त्यांनाच. म्हणजे १७९३ नंतर काउंटीतला कॅथलिक शेतकरी मत देऊ शके, ट्रिनिटीतला कॅथलिक पदवीधर नाही. वर ज्या परीक्षेचं मी कौतुक केलं, तिच्या दारावर ही पाटी होती, हे विसरून चालणार नाही.

हे घोंगडं फार काळ भिजत पडलं. १८४५ मध्ये डेनिस कॉलफील्ड हेरन या कॅथलिक विद्यार्थ्याने परीक्षेत गुण मिळवले, पण धर्मामुळे त्याला स्कॉलर केलं नाही. त्याने दाद मागितली आणि हरला. धर्माची अट पूर्ण उठली ती १८७३ मध्ये. स्त्रियांना तर कॉलेजात प्रवेशच १९०४ पासून.

१६८९ च्या "देशभक्त" पार्लमेंटमध्ये विद्यापीठ होतं का?

होतं. कॅथलिक राजा दुसरा जेम्स गादी गमावून आयर्लंडला आला, तेव्हा डब्लिनमध्ये भरलेल्या त्या पार्लमेंटमध्ये जवळपास सगळे कॅथलिक होते. ट्रिनिटीने सर जॉन मीड आणि जोसेफ कॉगलन हे दोन प्रॉटेस्टंट पाठवले. त्या सभागृहात प्रॉटेस्टंट बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्याच वर्षी सैन्याने कॉलेज ताब्यात घेऊन तिथे छावणी आणि तुरुंग केला. ग्रंथालय वाचलं ते राजाने नेमलेल्या मायकल मूर या कॅथलिक धर्मगुरूमुळे. प्रॉटेस्टंटांची पुस्तकं त्याने वाचवली.

इथल्या खासदारांनी सभागृहात गाजवलं असं काही?

वॉल्टर हसी बर्ग यांचं १७७९ चं भाषण. इंग्लंडने आयर्लंडचा व्यापार आवळून धरला होता आणि देशात स्वयंसेवकांच्या सशस्त्र पलटणी उभ्या राहिल्या होत्या. कोणीतरी शांततेची भाषा केली. त्यावर बर्ग म्हणाले, की शांतता कसली, हे दबलेलं युद्ध आहे. इंग्लंडने आपले कायदे ड्रॅगनच्या दातांसारखे पेरले, त्यातून हत्यारबंद माणसं उगवली आहेत. ग्रीक पुराणातली ही उपमा सभागृहाने डोक्यावर घेतली. बर्ग तेव्हा प्राइम सार्जंट हे सरकारी वकिलाचं मोठं पद सांभाळत होते. ते त्यांनी सोडलं.

१८०० चा विलीनीकरण कायदा आला तेव्हा विद्यापीठाचे खासदार कुठे उभे होते?

दोन बाजूंना. आयर्लंडचं पार्लमेंट बरखास्त करून लंडनच्या पार्लमेंटमध्ये विलीन करायचं, हा तो कायदा. जॉर्ज नॉक्स विरोधात होते. दुसरे आर्थर ब्राउन, अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये जन्मलेले, ट्रिनिटीचे फेलो आणि कायद्याचे प्राध्यापक, १७८३ पासूनचे खासदार. १७९९ मध्ये त्यांनी विरोध केला. १८०० मध्ये बाजू बदलून पाठिंबा दिला. काही काळाने त्यांना प्राइम सार्जंटचं पद मिळालं. ते पद भूषवणारे ते शेवटचे. वाचकांनी काय ते समजून घ्यावं.

विलीनीकरणाचा खरा शिल्पकार म्हणजे वर आलेले फिट्झगिबन. ते आता क्लेअरचे अर्ल आणि लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे देशाचे सर्वोच्च न्यायाधिकारी, झाले होते. १७९८ च्या एप्रिलमध्ये, बंडाच्या तोंडावर, विद्यापीठाचे व्हाइस चॅन्सेलर या नात्याने ते कॉलेजात येऊन बसले आणि एकेका विद्यार्थ्याला शपथेवर विचारू लागले: युनायटेड आयरिशमेन या बंडखोर संघटनेशी तुझा संबंध काय? १९ विद्यार्थ्यांना काढून टाकलं. पुढे १८०३ च्या उठावासाठी फाशी गेलेला रॉबर्ट एमेट त्या चौकशीला सामोरा न जाता आधीच बाहेर पडला होता. वीस वर्षांपूर्वी याच कॉलेजच्या पोरांनी प्रोव्होस्टच्या दडपणाविरुद्ध फिट्झगिबनना निवडून दिलं होतं.

विलीनीकरणात जागेचं काय झालं?

दोनाची एक झाली. ११७ बरोंपैकी ८४ पूर्ण रद्द झाले आणि त्यांच्या मालकांना प्रत्येकी १५,००० पौंड भरपाई मिळाली. वाळूखालच्या बॅनोचीसुद्धा. विद्यापीठाची एक जागा गेली, भरपाई शून्य, कारण भरपाई द्यायला मालकच नव्हता. दोघांपैकी कोण राहणार हे ठरवायला कायद्यात चिठ्ठ्यांची तरतूद होती: नावं कागदावर लिहायची, घड्या घालून काचेच्या भांड्यात टाकायची आणि पहिली निघेल ती खरी. १ जानेवारी १८०१ पासून लंडनमध्ये बसले नॉक्स, म्हणजे ज्यांना लंडनला जायचंच नव्हतं ते.

नंतर?

१८३२ मध्ये दुसरी जागा परत मिळाली आणि एम.ए. झालेल्यांनाही मत मिळालं. मतदार नव्वदीवरून हजारांत गेले आणि जागा पक्की युनियनवाद्यांची, म्हणजे ब्रिटनशी विलीनीकरण टिकवू पाहणाऱ्यांची, झाली. १८३० ते १८४१ इथले खासदार असलेले थॉमस लेफ्रॉय तरुणपणी इंग्लिश कादंबरीकार जेन ऑस्टेनबरोबर नाचले होते. त्या ओळखीवर जेवढं लिहिलं गेलंय, तेवढं त्यांच्या खासदारकीवर नाही. १८९२ ते १९१८ युनियनवाद्यांचे नेते एडवर्ड कार्सन. १९२१ मध्ये ब्रिटिशांनी काढलेल्या "दक्षिण आयर्लंड" पार्लमेंटवर सगळ्यांनी बहिष्कार टाकला. कनिष्ठ सभागृहात हजर राहिले ते फक्त विद्यापीठाचे चार सदस्य. स्वतंत्र आयर्लंडच्या डॉइलमधल्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहातल्या, विद्यापीठाच्या जागा १९३० च्या दशकात संपल्या. त्याऐवजी वरच्या सभागृहात, शनाडमध्ये, जागा मिळाल्या.

आपल्याकडच्या पदवीधर मतदारसंघाचं मूळ हेच का?

थेट मूळ म्हणणं जास्त होईल, पण गोत्र एक आहे. विद्यापीठाला जागा द्यायची ब्रिटिश सवय इकडेही आली. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात मुंबई विद्यापीठाची जागा होती. क. मा. मुन्शी १९२७ मध्ये त्या जागेवरून निवडून आले आणि पुढच्या वर्षी बारडोली सत्याग्रहाच्या वेळी राजीनामा देऊन मोकळे झाले. राज्यघटनेने विद्यापीठाऐवजी पदवी धरली. आज महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात पदवीधरांच्या आणि सात शिक्षकांच्या. फरक मोठा आहे. ट्रिनिटीत निवडणूक म्हणजे एकमेकांना नावानिशी ओळखणारी नव्वद माणसं. आपल्याकडे जिल्हेच्या जिल्हे मिळून एक मतदारसंघ, आणि नाव नोंदवायला फॉर्म भरला नसेल तर पदवी भिंतीवर टांगलेली राहते.

डब्लिनला गेल्यास यातलं काय बघायला मिळतं?

कॉलेज ग्रीनवर उभं राहा. एका अंगाला ट्रिनिटीचं मुख्य दार, दोन बाजूंना बर्क आणि गोल्डस्मिथ यांचे पुतळे. समोर खांबांची अर्धवर्तुळाकार इमारत, एडवर्ड लव्हेट पिअर्स यांनी १७२९ पासून बांधायला घेतलेलं पार्लमेंट हाऊस. विद्यापीठाचा खासदार जेवण उरकून रस्ता ओलांडला की सभागृहात. १८०३ मध्ये सरकारने ही इमारत बँक ऑफ आयर्लंडला विकली, तेव्हा आतली रचना अशी बदला की पुन्हा इथे सभा भरवता येऊ नये, असं बजावलं. त्यामुळे मॉलिन्यूंचे वारस जिथे बोलले ते कनिष्ठ सभागृह आता नाही. वरच्या सभागृहाचं, लॉर्ड्सचं, दालन मात्र शाबूत आहे. शेवटचे सभापती जॉन फॉस्टर यांनी सभागृहाचा राजदंड सरकारच्या हाती द्यायला नकार दिला आणि घरी नेला. १९३७ मध्ये तो लिलावात आला, तेव्हा बँकेने तो विकत घेतला.